सतरा नंबरची फोड

फळ संशोधन केंद्रात सगळे तिला ताई म्हणत आणि पाठीमागे ‘नाक’. त्यात कुणाच्या मनात वाईट नव्हतं. नासपतीची गोडी मोजायला यंत्र होतं, गर किती कडक आहे ते मोजायला यंत्र होतं. सुगंधाला मात्र ताई. दोन जातींचा संकर करायचा, शेकडो रोपं लावायची, ती फळाला येईपर्यंत वर्षानुवर्षं वाट पाहायची, आणि मग त्यातलं कोणतं झाड ठेवायचं आणि कोणत्यावर करवत चालवायची, हे शेवटी ताईच्या तोंडून ठरायचं.

आणि त्याच ताईला हिवाळ्यातल्या तापानंतर कशाचाच वास येईनासा झाला होता. गोड कळे, आंबट कळे, बाकी फळ म्हणजे ओला कापूस. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. ती वाट पाहत राहिली आणि सांगायचं राहून गेलं. पुढेपुढे तर सांगायचं म्हणजे इतके दिवस का लपवलं तेही सांगावं लागलं असतं, आणि तेवढी छाती तिच्यात नव्हती.

मग तिनं शक्कल लढवली. संध्याकाळी डब्यात फोडी भरून घरी न्यायच्या आणि बाबांना खायला द्यायच्या. बाबांनी जन्मभर बेकरी चालवलेली. भट्टीत पाव करपण्याआधी त्यांना बाहेर गल्ल्यावर बसून कळायचं. आई गेल्यापासून ते तिच्याकडे राहत होते. आधी ती कामावरून आली की त्यांचं ताट वाढून कॉम्प्युटरपुढे बसायची. आता रोज त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसू लागली. कसं लागतं, कशासारखं लागतं, गिळल्यावर मागे काय उरतं, प्रत्येक झाडाचा नंबर सांगून सगळं खोदून खोदून विचारायची. बाबा डोळे मिटून चावायचे आणि सांगायचे. दुसऱ्या दिवशी तेच शब्द ती केंद्रात आपले म्हणून सांगायची.

बाबा काही सगळ्यांनाच चांगलं म्हणत नव्हते. हे पाणचट, ते तुरट, असं तोंडावर सांगत. सतरा नंबरवर मात्र त्यांचा फार जीव. ‘मध,’ म्हणायचे, ‘निव्वळ मध.’ ते ऐकून ताईला आभाळ ठेंगणं व्हायचं, कारण सतरा नंबर तिचा स्वतःचा. त्याच्या आईझाडाच्या फुलांना ब्रशनं पराग लावला होता तो तिनंच, शिडीवर उभं राहून.

शेवटची चाचणी शीतगृहातून काढलेल्या फळांवर झाली. फळाच्या रंगानं कुणी भुलू नये म्हणून चवीच्या खोलीत लाल दिवे लावलेले, पांढऱ्या बश्यांवर नावाऐवजी फक्त खुणेचे आकडे. एका फोडीशी नवी शास्त्रज्ञ थांबली. तिला केंद्रात येऊन वर्षही झालं नव्हतं. याला औषधाच्या बाटलीसारखा वास येतोय, ती म्हणाली. आणखी एकदोघांनी मान हलवल्यासारखं केलं, आणि मग सगळ्यांनी ताईकडे पाहिलं.

खुणेचे आकडे ताईनंच दिलेले, त्यावरून तिनं सतरा नंबर ओळखला. तिच्या तोंडात कापूस होता. तरी तिच्या तोंडून निघून गेलं, “तुझं नाक अजून नवं आहे.”

सगळे हसले. नवी खाली बघत पाणी प्यायली. साहेबांनी सतरा नंबर पास केला. आता रोपवाटिकेतले लोक येऊन काड्या नेणार होते, हजारो कलमं बांधणार होते. बागवाले जुनी झाडं तोडून ही लावणार, आणि फळात खोट आहे हे कळेपर्यंत त्यांची बरीच वर्षं गेलेली असणार.

घरी जाताना नवीचा तो चेहरा ताईच्या डोळ्यांपुढून हलेना. आपण इतरांच्या जिभेची परीक्षा घेतो, बाबांच्या जिभेची कधी घेतलीच नाही, हे तिला वाटेतच सुचलं, आणि सुचल्याची भीती वाटली. शीतगृहातली दोन फळं तिच्या डब्यात होती: एक सतरा नंबर, एक बाजारात मिळते ती जुनी जात. घरी पोचल्यावर तिनं ती कापली आणि बश्यांची अदलाबदल केली. जुन्या जातीची फोड पुढे करून म्हणाली, ही सतरा.

बाबांनी डोळे मिटले. “मध.”

मग तिनं सतरा नंबरची फोड दिली आणि ही बाजारातली म्हणून सांगितलं. बाबांनी एकदा चावली आणि तोंड वाकडं केलं. “ही नको. औषधासारखी लागते.”

ताईनं सुरी खाली ठेवली. मग तिनं सांगितलं, “बाबा, ती सतरा होती.”

बाबांनी उरलेली फोड बशीत ठेवली. “तू तो नंबर काढलास की तुझा चेहरा असा काही उजळायचा,” ते म्हणाले, “मला वाईट म्हणवेना. मला वाटलं, वाईट म्हटलं तर तू उठून जाशील. रोज बसतेस ना समोर. मला ते हवं होतं.”

“मला वास येत नाही, बाबा. हिवाळ्यापासून.”

बाबांनी बशी बाजूला सारली.

“म्हणजे तू खरंच विचारत होतीस?” ते म्हणाले. “मला वाटलं, म्हाताऱ्याला बोलतं करतेस.”

ताईला रडू आवरेना. तिला स्वतःची लाज वाटली, आणि बाबांचा राग करायला तिच्याकडे तोंड नव्हतं.

सकाळी तिनं साहेबांना गाठलं आणि नवीलाही बोलावून घेतलं. सगळं सांगितलं, काही राखलं नाही. साहेब चिडले. रोपवाटिकेला नकार कळवला गेला. चवीच्या खोलीतली ताईची खुर्ची नवीला मिळाली. नवी काहीच लागट बोलली नाही, आणि तेच ताईला जास्त लागलं. दुपारी करवतीचा आवाज आला तेव्हा ती खिडकीपाशी गेली नाही.

संध्याकाळी डब्यात न्यायला काही नव्हतं. वाटेतल्या दुकानातून तिनं एक नासपती घेतली, घरी येऊन कापली आणि खुर्ची ओढून बाबांसमोर बसली. बाबांनी फोड तोंडात टाकली. सवयीनं तिच्या चेहऱ्याकडे पाहायला गेले आणि मध्येच मान वळवून भिंतीकडे बघत चावत राहिले.

“बेचव आहे,” ते म्हणाले.

“बरं,” ताई म्हणाली, आणि तिनं दुसरी फोड त्यांच्यापुढे केली.