कमानीवरचा तरवड

चिकलठाण्याच्या कामगारांनी घरांची सोसायटी उभी केली आणि प्रवेशाच्या कमानीवर मराठवाड्याची खूण म्हणून एक फूल रंगवायचं ठरवलं. सेक्रेटरी आप्पासाहेबांनी कॅलेंडरातलं ट्यूलिप पसंत केलं.

"तरवड का नाय काढत?" त्यांची आई वच्छलाबाई म्हणाली.

"आई, ते बांधावरचं झुडूप! शेळीसुद्धा तोंड लावत नाय त्याला. लोक हसतील."

वच्छलाबाई उठून आत गेली.

घटस्थापनेच्या सकाळी ती घरात नव्हती. शेजारची बानाबाई म्हणाली, "पैठणची यष्टी कुठं लागते, इचारत व्हत्या."

आप्पासाहेब तसेच निघाले. आई सापडली जायकवाडीच्या काठावर. त्यांचं गाव त्या पाण्याखाली जाऊन तीन वर्षं झाली होती. काठच्या मुरमाड उतारावर तरवड पिवळाधमक फुलला होता आणि वच्छलाबाई त्याची माळ ओवत होती.

"आई, किती शोधलं तुला!"

"देवीचं देऊळ त्या अंगाला व्हतं," ती पाण्याकडं बघत म्हणाली. "पहिली माळ दर साली माझ्या हातची. बहात्तरच्या दुष्काळात झेंडू जळाला, तव्हा देवीला काय घातलं आपण? ह्योच तरवड! कुणी तांब्याभर पाणी घातलं नव्हतं त्याला, तरी लई फुलला. घर गेलं, शेत गेलं, त्याला विलाज नव्हता. पर जे बुडालं नाय, ते तू कशापायी बुडवतो रं?"

कारखान्यात कुणी गाव विचारलं, की आप्पासाहेब नुसतं 'पैठण' सांगून मोकळे होत. अरेरे, कसली लाज वाटत होती आपल्याला! ते आईजवळ खाली बसले आणि फुलं तोडून तिच्या ओच्यात टाकू लागले. दोघांनी मिळून माळ पाण्यात सोडली.

रविवारच्या सभेत आप्पासाहेब तरवडाची फांदी घेऊन उभे राहिले. "माझं गाव हिरडवाडी. धरणात गेलं. हे तिथलं फूल!"

मागच्या रांगेतले सभासद कडूबा मेंढके म्हणाले, "आमच्या माळावर बी लई व्हतं. कवाचं बघितलं नाय."

कमानीवर तरवड रंगला. वच्छलाबाई खाली उभी राहून बराच वेळ वर बघत होती. गाव काही परत येणार नव्हतं.

बंधुभगिनींनो, परक्या बागेतल्या फुलाचा दुस्वास नको. पण आपल्या मातीतल्या फुलाला हिणवलं, की ते जपणारी आपलीच माणसं परकी होतात. आपल्या माळावर काय फुलतं ते लेकरांना दाखवा, आणि आपल्या गावाचं नाव मोठ्यानं सांगा!