मागच्या खोलीतला पलंग

मी लोखंडी पलंग. जन्म इंग्लंडातल्या हॅलिफॅक्सच्या एका कारखान्यातला. कधी कुरकुरलो नाही. त्याचा मला ताठा होता.

१९४९ साली विल्फ्रेड आणि अर्नल्ड या दोघांनी मला विकत आणलं. विल्फ्रेड घड्याळं दुरुस्त करी, अर्नल्ड शाळेत भूमिती शिकवी. मला मागच्या खोलीत ठेवलं, पण माझ्यावर कोणी झोपत नसे. दोघं पुढच्या खोलीत एकाच पलंगावर झोपत. त्या काळी दोन पुरुषांच्या अशा संसाराला तुरुंग होता. म्हणून मी दाखवण्यापुरता.

रोज सकाळी कामवाल्या हॉब्सनबाई यायच्या आत अर्नल्ड माझ्यावर दोनदा लोळे, उशीला ठोसा मारी.

"पुरे की," विल्फ्रेड दारातून म्हणे. "माणूस झोपला होता असं दिसू दे. गाढव लोळलं असं नको."

"मग तू ये. तुला जास्त जमेल."

मला राग येई. मी सरळ लोखंड. मला हे नाटक आवडत नसे आणि खरं सांगतो, ते दोघंही आवडत नसत. गल्ली जे बोलत होती, तेच मी मनात बोलत होतो.

चोपन्नच्या जानेवारीत, सकाळी साडेसहाला, हॉब्सनबाई शेगडी पेटवायला आल्या. त्यांच्या मागोमाग दोन पोलीस. कोणीतरी निनावी चिठ्ठी धाडली होती.

"इथे कोण झोपतं?" थोरल्या पोलिसाने विचारलं.

"अर्नल्डसाहेब," बाई तडक म्हणाल्या. "पाच वर्षं मीच आवरतेय. चादरीची रोज चिंधी करतात."

बाईंना सगळं ठाऊक होतं, हे मला तेव्हा कळलं.

पोलिसाने माझ्या पांघरुणाखाली हात घातला.

"मग हा बर्फासारखा गार कसा, बाई?"

पुढच्या खोलीतला पलंग दोन्ही बाजूंनी उबदार निघाला.

बाई त्यांच्यासाठी खोटं बोलल्या. मी खरं बोललो. दोघांना वर्षाची शिक्षा झाली. अर्नल्डची नोकरी गेली. पुन्हा एकत्र दिसलो तर पुन्हा आत, या भीतीने तो सुटल्यावर बहिणीकडे गेला. विल्फ्रेड एकटा परतला.

सदुसष्टमध्ये कायदा बदलला. हॉब्सनबाईंनी पेपर टेबलावर आपटला.

"बोलवा त्यांना. गल्ली काय बोलेल ते मी बघते."

अर्नल्ड आला तो खोकतच. तुरुंगातल्या ओलीने त्याची छाती धरली होती. विल्फ्रेडची झोप मोडू नये म्हणून तो माझ्यावर झोपू लागला. पहिल्यांदाच. विल्फ्रेड शेजारी खुर्ची ओढून बसे. एका सकाळी त्याने पांघरुणाखाली हात घातला, अगदी त्याच जागी.

"ऊब आहे का रे?" अर्नल्डने विचारलं.

"आहे."

"मग बोलव पोलिसांना."

दोघं हसले. अर्नल्डचं हसू खोकल्यात गेलं.

फेब्रुवारीत तो गेला. त्याची ऊब मी धरून ठेवायला बघितली. लोखंडाला ते जमत नाही.

आता विल्फ्रेडही नाही. मी हॉब्सनबाईंच्या नातीकडे आहे, गंजलोय, कुरकुरतो. कुरकुरू दे.

एकच सांगतो. कोणाच्या पांघरुणाखाली हात घालायचा असेल, तर पाय उघडे पडलेत का, एवढंच बघायला घाला. मला हे कळायला तेरा वर्षं लागली. तेवढ्यात त्यांचा जन्म गेला.