मला भंगार म्हणू नका

मी एक जुना लेथ आहे, म्हणजे लोखंड गरगर फिरवत कातून त्याला आकार देणारे यंत्र. अंगावरचा हिरवा रंग जागोजागी उडाला आहे, एका हँडलची मूठ कधीच निखळली आहे आणि सुरू होताना मी थोडा कण्हतो. पण मित्रांनो, माझी कीव करायला आला असाल तर आल्या पावली परत जा. मी कामात आहे.

माझा देह ओतीव लोखंडाचा. भट्टीतून निघाल्यावर बराच काळ मला उघड्यावर ऊनपाऊस खात ठेवले होते. त्याने लोखंड मुरते, पुढे वाकत नाही. मग घासूनपुसून मला या शेडमध्ये आणले. जवळच विजेचे केंद्र होते. तिथे कोळसा वाहणारा लांबलचक पट्टा फिरत असे आणि त्याच्या रोलरांचे दांडे मी घडवत असे.

मला चालवायचे ते सूतकाका. कुठलेही माप सांगताना ते "सूतभर कमी" म्हणत, म्हणून हे नाव. जेवायला बसण्याआधी ते माझ्यावरचा लोखंडाचा कीस झाडत आणि मला तेल देत. "आधी याचं पोट," ते म्हणत. मालक तर येणाऱ्या-जाणाऱ्याला मला दाखवत. "गावातले निम्मे दिवे याच्या जिवावर!" मी फुशारून जाई.

मग ते केंद्र बंद झाले. धूर थांबला ते बरेच झाले. दोरीवरचे कपडे पांढरे दिसू लागले. पण पट्टाही थांबला आणि शेडमधली माणसे एकेक करून घरी बसली. मालक वारले. माझ्यावर ताडपत्री आली, ताडपत्रीवर मोडक्या खुर्च्या.

पुढे गावाबाहेरच्या माळावर सौर पॅनेलच्या रांगा उभ्या राहिल्या. त्या दिवसभर सूर्याकडे तोंड फिरवत. सगळा माल परदेशातून जहाजाने आलेला. मालकांच्या मुलाने ठरवले, शेड रिकामी करायची आणि त्या मालाचे गोदाम करायचे. त्याच्या मोठ्या बहिणीला, म्हणजे आमच्या ताईला, ते पटेना. ती वडिलांच्या हाताखाली माझ्यावरच काम शिकली होती.

"ऊन आपलं, माळ आपला," ती म्हणाली, "आणि आपण करायचं काय? दुसऱ्यांनी भरलेली खोकी फोडायची?"

"खोकी फोडून पोट भरतं, ताई. या ठोकळ्यानं भरतं का?"

ठोकळा! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

त्याच सुमारास माळावरच्या रांगा अडकू लागल्या. धुळीने त्यांना फिरवणारे दांडे झिजले होते. नवे जहाजाने येणार, म्हणजे काही महिने वाट बघा. ताई तिथल्या इंजिनियर बाईंकडे गेली आणि एक झिजलेला दांडा मागून घेतला. "असा करून आणते," ती म्हणाली. सूतकाकांना घरून बोलावले. ताडपत्री निघाली. पण पहिला दांडा एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक उतरला. हात चुकले नव्हते. माझा बेड, म्हणजे ज्यावर हत्यार सरकते तो पाया, झिजला होता.

"झालं समाधान?" भाऊ म्हणाला. सकाळी भंगारवाला क्रेन घेऊन दारात उभा. क्रेनचा आकडा माझ्या डोक्यावर लोंबू लागला.

ताई आकड्याखाली येऊन उभी राहिली. "बेड खरवडून सरळ होतो. मला तेवढं करू दे."

"वजनाला भाव चांगला देतोय, काका," भंगारवाला सूतकाकांना म्हणाला.

"मग माझंही वजन करा. आम्ही दोघं एकाच वयाचे."

भंगारवाला हसला. भावालाही हसू आवरेना. "ही शेवटची वेळ हं, ताई," तो म्हणाला आणि क्रेन परत गेली.

खरवडणे म्हणजे चिकाटीची परीक्षा. सपाट पट्टीला निळी शाई लावून ती माझ्यावर फिरवायची, जिथे निळे उमटेल तिथला चढ काढायचा. पुन्हा शाई, पुन्हा खरवड. ताईच्या तळहातांना फोड आले. मलाही यातना झाल्या, पण ताडपत्रीखालच्या अंधारापेक्षा त्या परवडल्या. एके दिवशी भाऊ आला, त्याने पट्टीचे दुसरे टोक धरले, आणि मग रोज येऊ लागला.

नवा दांडा इंजिनियर बाईंनी दोन्ही टोकांना मोजला, मध्ये मोजला, आणि माळावर नेऊन बसवला. अडकलेली रांग सूर्याकडे वळली.

"असे आणखी किती द्याल?" त्यांनी विचारले.

"आधी माणसं परत बोलावते," ताई म्हणाली, "मग सांगते."

माणसे आली. कोळशाच्या पट्ट्याचे रोलर बसवणारे हात आता पॅनेलांचे सांधे जुळवतात. भाऊ गावोगावच्या प्रकल्पांवर काम मागत फिरतो आणि मिळवून आणतो. माझ्या शेजारी आता संगणकावर चालणारे नवे मशीन आले आहे. ते माझ्याहून चपळ आहे, मान्य. पण अवघड, एकुलता एक नमुना आधी माझ्यावरच होतो.

मित्रांनो, तुमच्या आसपासही अशी यंत्रे धूळ खात असतील आणि ती चालवणारी माणसे दारात नुसती बसून असतील. कोळशाबरोबर त्यांचेही दिवस संपले असे कोणी म्हणाले, तर मान डोलावू नका. उन्हावर आणि वाऱ्यावर चालणाऱ्या जगाचे सुटे भाग कोणीतरी घडवणारच आहे. मग ते आपण का नाही? यंत्रांची निगा राखा, माणसांचे कसब वाया जाऊ देऊ नका. आणि आम्हाला उचलून न्यायला कोणी आलेच, तर त्याला ठणकावून सांगा: आधी काम देऊन बघ!