आतून

सरांनी शिडीचा पाय धरला आणि वर पाहत रंगाऱ्याला म्हणाले,

“एक शब्द राहिलाय तुमचा.”

रंगाऱ्याने ब्रश डब्याच्या काठावर निथळवला. प्रार्थनाघराच्या भिंतीवर निळ्या अक्षरांत वाक्य पुरं होत आलं होतं : श्रद्धेच्या खोलीला कडी असते.

“कुठला?”

“आतून. कडी आतून असते.”

रंगाऱ्याने खिशातला कागद काढून पाहिला. “यात नाही, काका. आणि आता मावायचाही नाही. शिडी सोडा बघू, माझा विमा नाहीये.”

“वाक्य माझं आहे.”

“वाक्य तुमचं असेल. भिंत सरकारची आहे.”

सरांनी शिडी सोडली.

वाक्य खरोखरच त्यांचं होतं, तरुणपणी लिहिलेल्या एका लहानशा पुस्तकातलं. सर स्वतः देव मानणाऱ्यांतले नव्हते. पण ज्याला मानायचा आहे त्याच्या मनाचं दार राज्यकर्त्यांनी ढकलू नये, एवढं त्यांना मनापासून पटलं होतं. खोली ज्याची, कडी त्याच्या हातात. त्याला वाटलं तर तो दार उघडेल, बाहेर येईल, चौकात उभा राहून गाईल. हे सगळं त्यांनी शेवटच्या प्रकरणात सविस्तर लिहिलं होतं. तिथवर कोणी पोचलं नसावं असा त्यांना संशय होता, आणि त्याचा दोष ते आपल्या रुक्ष भाषेला देत.

आता तेच पुस्तक एकाएकी जिकडेतिकडे दिसू लागलं होतं. नव्या कायद्याच्या पहिल्याच पानावर त्यातलं हे वाक्य होतं, ‘आतून’ वगळून. प्रार्थना ज्याने त्याने आपल्या घरात, दार लावून करावी, चारचौघांत नाही. प्रार्थनाघरांना उद्यापासून कुलूप.

सरांची थोरली बहीण याच प्रार्थनाघरात गात म्हातारी झाली होती. तिथे दोन रांगा असत. पुढची रांग एक ओळ म्हणायची, मागची रांग तिला उत्तर द्यायची. ताई मागच्या रांगेतल्या. आयुष्यात त्यांनी धाकट्या भावाकडे कधी काही मागितलं नव्हतं. आज सकाळी चहाचा कप ठेवता ठेवता म्हणाल्या होत्या, “तुझं एवढं नाव झालंय, तर सांगून बघ की त्यांना. तुझं ऐकतील.”

म्हणून सर शिडीपासून निघाले ते थेट कचेरीत गेले. कायद्याचा मसुदा लिहिणारा अधिकारी त्यांचा जुना विद्यार्थी होता. सरांना पाहताच तो खुर्चीतून उठला.

“सर, आधी पंख्याखाली बसा. किती बारीक झालात.”

“तू एक शब्द गाळलास.”

“कुठला, सर?”

“आतून.”

“अच्छा, ते समितीत कुणीतरी काढलं. घोषणा सुटसुटीत हवी म्हणाले.”

“पण अर्थ उलटा झाला रे. मी आतून म्हटलं होतं.”

अधिकाऱ्याने हात छातीवर ठेवला. त्याच्या डोळ्यांत खरोखरच पाणी आलं होतं. “त्यात काय शंका, सर? तुम्ही आतून म्हटलंत, म्हणून तर आमच्यापर्यंत पोचलं. वरवर लिहिणारे ढिगाने आहेत.”

सरांनी जोरात मान हलवली.

“तसं नाही. मी कडीबद्दल बोलतोय.”

“कायदा कडीबद्दलच आहे, सर.” त्याने शेजारच्या खोलीकडे हाक टाकली. “अरे, या इकडे. आपले कडीवाले सर आलेत.”

चार-पाच जण गोळा झाले. एकाने फोटो काढला. एका मुलीने पुस्तक पुढे केलं.

“माझी बहीण जाते तिथे,” सर म्हणाले. “प्रार्थनाघरात.”

“मग त्यांना कसली काळजी? तुमच्यासारखा भाऊ घरात आहे.”

मुलगी पुस्तक धरून उभीच होती. सरांनी पेन काढून सही केली. तिला ताटकळत ठेवणं बरं दिसलं नसतं.

घरी ताई आपल्या खोलीतला पसारा आवरत होत्या.

“काय रे पंडित, काय म्हणाले ते?”

“माझी सही घेतली.”

“कशावर?”

“पुस्तकावर.”

ताई हसल्या. हातातल्या चादरीची त्यांनी पुन्हा एकदा घडी घातली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, प्रार्थनेच्या वेळेला, त्यांनी खोलीत खुर्ची ओढली आणि दार लोटलं. दार हळूहळू उघडलं. पुन्हा लोटलं, पुन्हा उघडलं. फरशीला उतार होता.

“अरे, हे काही राहत नाही. पलीकडच्या बाईंना सकाळी दम देऊन गेले म्हणे, दार उघडं होतं म्हणून. बाहेरून कडी लावतोस का जरा? झालं की मी ठोठावीन.”

ती पूर्वी अडगळीची खोली होती. आतल्या बाजूला कडी कधी बसवलीच नव्हती. बाहेरची गंजली होती. सरांनी तळव्याने रेटली तशी ती करकरत बसली.

आत शांतता होती. पुढच्या रांगेची ओळ जेवढी लांब, तेवढी. मग ताईंचा आवाज आला, उत्तराची ओळ म्हणून थांबला. पुन्हा तेवढीच शांतता, पुन्हा उत्तर.

पुढच्या रांगेच्या ओळी सरांना पाठ होत्या. त्या रांगेत त्यांची आई उभी राहायची. तिसऱ्या शांततेत ओळ त्यांच्या ओठांपर्यंत आली. समोरच्या घराच्या खिडकीत कोणीतरी उभं होतं, इकडेच बघत.

वाऱ्याने दार आतल्या अंगाला ओढलं आणि कडी वाजू लागली. ताईंच्या गाण्यात व्यत्यय नको म्हणून सरांनी ती घट्ट धरून ठेवली.