जोडे शिवायची खोपी

आल्फेज कूर्तमांशच्या परसात जोडे शिवायची एक खोपी होती. दहा फूट लांब, जवळपास तेवढीच रुंद, फळ्यांची, एक खिडकी, एक धुराडं. आल्फेजचा आजोबा तिच्यात वाकून जोडे शिवायचा आणि खोकायचा. मरताना म्हणाला होता, जमलं तर जाळून टाका. पण लाकडं ठेवायला आडोसा लागतो, म्हणून ती राहिली. पुढं तिच्यात गवत कापायचं यंत्र राहायला आलं. एवढ्या वर्षांत ईस्ट पॉमरॉय गावातल्या एकाही माणसानं तिच्याकडं मान वळवून बघितलं नव्हतं.

मग आल्फेजच्या बायकोचं, डेल्विनाचं, खुब्याचं हाड मोडलं. झोपायची खोली वर, न्हाणी वर, आणि जिना असा उभा की धडधाकट माणसानंही देवाचं नाव घ्यावं. डॉक्टर म्हणाला, हिला खाली खोली करून द्या, नाहीतर ही वरच राहील. खाली जागा एकच, स्वयंपाकघराच्या दाराबाहेर, जिथं खोपी होती. दुसऱ्या अंगाला सेप्टिक टाकी पुरलेली.

आल्फेज खोपी पाडायची परवानगी मागायला गेला, आणि त्या दिवसापासून खोपी ऐतिहासिक झाली.

गावाचा कायदा सोपा होता. पाऊणशे वर्षांहून जुनी वास्तू पाडायची तर आधी वारसा समितीला विचारायचं. समितीचा जीव तिच्यावर जडला, तर मालकानं एक वर्ष थांबायचं. त्या वर्षात समितीनं काय करायचं, ते कायद्यात नव्हतं. वर्ष संपलं की मालकानं खुशाल पाडावी. म्हणजे फाशी रद्द नाही, तारीख पुढची.

समितीच्या अध्यक्ष कॉन्स्टन्स थेअरबाई. सुनावणीला त्या बोलायला उभ्या राहिल्या.

"या खोपीत आपल्या गावाचे हात राबलेत, मिस्टर कूर्तमांश."

"माझ्या आजोबाचे राबले, बाई. तो तिला शिव्या द्यायचा."

"त्या शिव्यासुद्धा वारसाच आहेत."

"मग तेवढ्या ठेवून घ्या. फ्रेंचमध्ये आहेत. खोपी मला पाडू द्या, बायको वर अडकलीय."

सगळ्यांना फार वाईट वाटलं. वाईट वाटून झाल्यावर सगळ्यांनी हात वर केले. एक वर्ष.

आल्फेज घरी आला. डेल्विना वरच्या खिडकीत बसली होती. तिनं दोरीनं टोपली खाली सोडली. त्यानं तिच्यात वाटाण्याच्या सुपाचा डबा ठेवला. रोजचं झालं होतं हे. त्याचेही गुडघे जिन्याला कंटाळले होते.

"काय म्हणाली थेअरबाई?"

"वर्षभर थांबा म्हणाली."

"मला विचारलं का, मी थांबते का म्हणून?"

"तू पाऊणशेच्या आत आहेस, डेल्वी. तुझा विचार नियमात बसत नाही."

उन्हाळ्यात समितीची माणसं खोपी बघायला येत. कुणी चित्र काढी, कुणी फळीवरून हात फिरवी. थेअरबाई म्हणाल्या होत्या, खोपी उचलून नेणारा कुणी रसिक मिळेल. रसिक पुष्कळ आले. उचलणारा कुणी आला नाही.

जानेवारीत छपरावर कंबरभर बर्फ साचला. थेअरबाईंचा फोन आला.

"छप्पर साफ केलंत ना? हयगयीनं खोपी पडली तर तो गुन्हा धरतात. दंड आहे, आणि वर दोन वर्षं बांधकाम बंद."

"माझे गुडघे बाद आहेत, बाई. तुम्हाला जपायचीय, तुम्ही या."

आणि त्या खरंच आल्या. सोबत समितीच्या दोन म्हाताऱ्या. लांब दांड्याची फावडी घेऊन तिघी तासभर बर्फ ओढत होत्या. डेल्विना वरून बघत होती.

"माझ्या डोक्यावरचं छप्पर गळतंय. तिकडं कुणी येत नाही," ती म्हणाली.

"तुझं घर जुनं नाही," आल्फेज खालून म्हणाला.

डेल्विना खिडकीतून बाहेर वाकली. मग म्हणाली, "आल्फेज, त्या खोपीला जिना आहे का?"

"दहा फुटांच्या खोपीला कसला जिना?"

"मग गवताच्या यंत्राला बाहेर काढ. मला आत ने."

दुसऱ्या दिवशी आल्फेज पुन्हा नगरकचेरीत गेला. बांधकाम निरीक्षकानं मान वर न करता विचारलं, "काही पाडतोयस का?"

"नाही. जोडतोय. स्वयंपाकघरापासून खोपीपर्यंत बंदिस्त वाट, त्यातच न्हाणी. खिडकी जरा मोठी करतोय. भिंतीतून वारा येतो, बाहेरून प्लास्टिकच्या पट्ट्या मारतोय."

"पाडत नाहीस ना? मग कर," निरीक्षक म्हणाला आणि शिक्का मारला.

बर्फ वितळेपर्यंत काम झालं. अग्निशमन दलाच्या चार पोरांनी डेल्विनाला खुर्चीसकट खाली आणलं. जिन्यात ती चौघांना एकसारख्या शिव्या देत होती. आजोबाच्याच होत्या.

वर्ष संपलं त्या सकाळी थेअरबाई खोपीचा निरोप घ्यायला आल्या. काळा कोट, हातात कॅमेरा. परसात पाऊल टाकलं आणि जागीच थांबल्या. खोपी पिवळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली. पांढऱ्या चौकटीची रुंद खिडकी, फुलाफुलांचा पडदा, आणि पडद्याआड पलंगावर डेल्विना डोनट खात बसलेली.

"हे काय केलंत तुम्ही?"

"जपली, बाई. तुम्ही सांगितलंत तशी."

"वाटोळं केलंत तिचं. यापेक्षा पाडली असतीत तर बरं झालं असतं."

"हेच मी सुनावणीला म्हणत होतो," आल्फेज म्हणाला.

डेल्विनानं खिडकी सरकवली. "आत या, कॉफी घ्या. आणि उद्या कुणी ही पाडायला निघालाच, तर मी तुमच्याकडंच येईन हं. मला एकाऐवजी दोन वर्षं मिळवून द्या."

बाईंनी कॉफी घेतली नाही.

पुढच्या गावसभेत त्यांनी प्रस्ताव मांडला, की जुन्या वास्तूंच्या खिडक्या बदलायलाही वर्षभर थांबावं लागावं. बराच काथ्याकूट झाला. शेवटी कुणीतरी उठून म्हणालं, घाई कशाला, पुढच्या वर्षी बघू. सभेनं हात वर केले. त्यात आल्फेजचा हात सगळ्यांत उंच होता.