हेमचंद्र फॅमिली

दादारावांची बायको रत्नाबाई गेल्या त्या दिवशी डॉक्टर न्यूमोनिया म्हणाले. तो टीबी होता, हे दादारावांना तीन आठवड्यांनी कळलं, तेही फोनवरच्या मेसेजमधून. गॅसवरचा चहा उतू गेला.

दुसऱ्या दिवशी अमेरिकेतल्या त्यांच्या काउंटीच्या आरोग्य खात्यातून आन्याचा फोन आला. मराठी आईबापाची पोर. रत्नाबाईंच्या संपर्कात कोण कोण आलं, विचारू लागली. रविवारी बुद्धवंदनेला सगळे दादारावांच्या घरी जमत. डबा कोण आणणार त्याची यादी दादारावांनी पाठवली. अकरा ओळी, शेवटची 'हेमचंद्र फॅमिली'. आन्यानं अकरा मेसेज टाकले आणि केस बंद केली. दादारावांनी तिला फोन लावला.

"पोरी, 'हेमचंद्र फॅमिली' म्हणजे एकच माणूस का गं?"

"काका, लिस्टवर एकच नाव आहे."

"तो तर सोफ्यावरून हलत नाही. स्वयंपाकघरात रत्नाजवळ त्याच्या घरच्या बायका असायच्या!"

"सॉरी काका, सिस्टीममध्ये तसा ऑप्शन नाहीये."

ऑप्शन नाही म्हणे! रत्नाबाई लायब्ररीसाठी जुनी कार्डं टाइप करायच्या, १९०८ सालच्या एका शहरी वस्तीतल्या क्षयरोग्यांची. दादाराव वाचून दाखवायचे. कुठल्या मजल्यावर किती माणसं, रोग्याशेजारी कोण झोपतं, सगळं एका नर्सनं जिने चढून लिहिलेलं. तिच्याकडे पेन्सिल होती. आन्याकडे दोन स्क्रीन.

दादाराव कोरी कार्डं घेऊन घरोघर निघाले. दहा घरांनी नाकं मुरडली, पण नावं दिली, तपासण्याही केल्या. अकराव्या दारात हेमचंद्र आडवा उभा राहिला.

"जयभीम, दादाराव. जरा हळू बोला. सईचं लग्न ठरतंय."

"रत्ना खोकत होती तेव्हा सई तिच्या शेजारी भाकरी थापत होती. सूनबाई राजसला कडेवर घेऊन तिथंच."

"मला मेसेज आला, मी टेस्ट केली. निगेटिव्ह. झालं ना?"

"तू तिथं ताट चाटण्यापलीकडे केलंस काय? भिंतीवर दोन डिग्र्या टांगल्यास आणि दीड वर्षाच्या नातवापेक्षा सोयऱ्यांना भितोस! थू तुझ्या शिक्षणावर."

दार लागलं.

घरी येऊन दादारावांनी आन्याला चार नावं कळवली. उत्तर आलं, केस क्लोज्ड आहे.

त्यांनी शेवटचं कार्ड भरलं. हेमचंद्रची बायको पद्मिनी, मुलगी सई, सून आश्लेषा, नातू राजस. चौघांचीही तपासणी अजून झालेली नाही.