सावरीला सोयर

दिंडोशीच्या वस्तीत धोंडू परबाला एरवी वर्षभर कोणी विचारत नसे. होळीचा दिवस तेवढा त्याचा. गिरणी चालू होती तोवर गोष्ट वेगळी होती. मागांच्या साचेखात्यात त्याला नावाने हाक मारणारी माणसं होती, पाळी सुटली की चहासाठी खोळंबणारी होती. मग संप झाला, वर्ष उलटलं, गिरणीच्या फाटकाला गंज चढला आणि धोंडू मालाडच्या एका बिल्डिंगच्या गेटवर खाकी शर्ट घालून उभा राहिला. तिथली शाळकरी पोरंसुद्धा त्याला "ए वॉचमन!" म्हणून हाक मारत. काम तो चोख करी, गेट उघडी, पाण्याचा पंप लावी. पण त्या हाकेला त्याने कधी म्हणून 'ओ' दिली नाही. मुकाट्याने चालत जाऊन समोर उभा राहायचा, बस. त्याची बायको सुगंधा म्हणायची, "पोटापेक्षा नाकच मोठा तुमचा!"

होळीला मात्र तो मानकरी. वस्तीतली निम्मी घरं त्याच्याच गावची, कुडाळकडची, आणि गावचे रिवाज त्यांनी भांड्याकुंड्यांबरोबर बांधूनच आणलेले. गावात होळीचं झाड निवडायचा आणि त्यावर पहिला घाव घालायचा मान परबांच्या घराला होता, म्हणून दिंडोशीतही तो परबांनाच. आठवडाभर आधी आरे कॉलनीच्या रानात जाऊन सरळसोट झाड हेरायचं, बुंध्याशी नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालायचं, की झाड देवाचं झालं. मग ते बदलायचं नाही. होळीच्या दिवशी पुरुषमंडळी ढोल वाजवत जाणार, मानकरी घाव घालणार आणि झाड खांद्यांवरून वस्तीत येऊन देवळासमोर उभं राहणार. त्या काळी आडबाजूच्या झाडाची विचारपूस करायला रानाचे सरकारी रखवालदार फारसे यायचे नाहीत. आले तर ढोल ऐकून परत जायचे.

रिवाजाला धोंडू इतका कडक, की विचारू नका. गेल्या होळीला त्याचा चुलतभाऊ लवू याची बायको नुकतीच बाळंत झाली होती. होळीला दर घरातून एक लाकूड जातं. लवू आपलं लाकूड घेऊन हौसेने आला, तर धोंडूने सगळ्यांदेखत ते परत पाठवलं.

"घरात सोयर आसा तुझ्या. बाळंतिणीच्या घरातला काय एक देवाक चालना नाय."

जन्माचा विटाळ म्हणजे सोयर, हे लवूला का माहीत नव्हतं? पण लग्नानंतर किती वर्षांनी, किती नवसांनी त्याला मुलगी झालेली. देवसुद्धा आपल्या आनंदात येईल, असं त्या बापड्याला वाटलं होतं. लाकूड खांद्यावर टाकून तो परत गेला तो गेलाच; तेव्हापासून धोंडूशी त्याचं कामापुरतं बोलणं. बाकीच्यांपाशी मात्र त्याने एक-दोनदा म्हणून ठेवलं होतं, की मान काही एकाच घराने धरून बसायची वस्तू नाही.

यंदा धोंडूने सावर निवडली. आदिवासी पाड्याच्या अलीकडे, ओढ्याच्या काठाला, लाल फुलांनी डवरलेली, आणि अशी सरळ की पाहूनच त्याचा ऊर भरून आला. त्याने बुंधा चाचपला, नारळ ठेवला, गाऱ्हाणं घातलं. मान वर करून फांद्या न् ढोल्या बघायचं काही त्याच्या मनात आलं नाही. होळीचं झाड निवडणारा माणूस बुंधाच बघतो. चुकला तो इथेच.

होळीच्या आदल्या दिवशी दुपारी तो कोयती घेऊन वाट साफ करायला गेला. काटेरी झुडपं छाटता छाटता सावरीपाशी पोचतो, तर एक पक्षी येऊन थेट बुंध्यालाच बिलगला. घारीएवढा, राखी रंगाचा, लांब शेपटीचा. बाकदार चोच, आणि चोचीवर आणखी एक बारकी चोच बसवलेली. गावी माडांच्या बागेत धोंडूने तसल्याच चोचींचे माडगरुड पाहिले होते. हा त्यांचाच कोणी गरीब, धाकटा भाऊ असावा. पक्ष्याने मान झटकली, घशातून वडाचं एक पिकलेलं फळ चोचीच्या टोकाशी आणलं आणि झाडाला दिलं. झाडाने ते घेतलं.

धोंडूचा कोयतीचा हात तसाच वर राहिला. पक्ष्याने दुसरं फळ काढलं, झाडाने तेही घेतलं. मग आणखी एक. डोळे चोळून नीट बघितलं तेव्हा त्याला बुंध्यावर, बऱ्याच उंचावर, मातीने लिंपल्यासारखा चट्टा दिसला. चट्ट्याच्या मधोमध बोटभर रुंदीची उभी फट होती, आणि त्या फटीतून दुसऱ्या एका चोचीचं टोक बाहेर येत होतं.

"त्याची बायको हाये आत," मागून आवाज आला.

पाड्यावरची शेवंती होती ती, डोक्यावर वाळक्या फाट्यांची मोळी घेतलेली. वस्तीत करवंदं विकायला यायची, त्यामुळे धोंडूच्या ओळखीची.

"धनेश हाय तो, मामा. बाई अंडी घालाया ढोलीत शिरते, न् आतून दार लिंपून घेते. पोरं मोठी होईस्तोवर बाहेर येत नाय. स्वतःची पिसं गाळते न् त्यांच्यावरच बसते. हा बाहेरून आणतो, ती खाते. ह्याला कोणी मारला तर ती आतल्या आत मरायची."

"कधी येतली भायर?"

"पावसाच्या तोंडावर." शेवंतीने बुंध्याशी ठेवलेल्या नारळाकडे पाहिलं. "तुमचाच ना नारळ? आधी ह्या ओढ्याला धनेश लय होते. मोठ्या सावरी एकेक करून गेल्या, मग ढोल्या कुठून राहणार? आता हे एकच जोडपं."

सावरी कोणी नेल्या हे तिने म्हटलं नाही, मोळी सावरून निघून गेली. म्हणायची गरजही नव्हती. त्या प्रत्येक सावरीवरचा पहिला घाव धोंडूचा होता.

घरी येऊन त्याने सगळं सुगंधाच्या कानावर घातलं. ती पुरणाची डाळ निवडत होती.

"मगे दुसरा झाड बघा," ती म्हणाली.

"नारळ ठेवलो आसा! देवाक दिलेलो शब्द परत कसो घेवचो? नि लवू टपानच बसलो आसा. मानकऱ्यानच माघार घेतली म्हणान मान घेवन जायत. मगे माझ्याकडे काय रवला? गेट?"

सुगंधाने सूप खाली ठेवलं. नवऱ्याचं दुखणं तिला कळत होतं, पण मऊ बोलणं तिच्या स्वभावात नव्हतं. "तुमचा तुमी बघा. पण तो घोव बघा, कसो बाळंतिणीक घास भरवता! माझ्या दोनय बाळंतपणांक तुमी ओव्हरटायमाक होतास."

त्या रात्री धोंडू धड जेवलासुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर ढोल वाजू लागले. गुलाल उधळत, होळीच्या फाका ओरडत मंडळी निघाली. सगळ्यांत पुढे डोक्याला फेटा बांधलेला, खांद्यावर कुऱ्हाड घेतलेला धोंडू. दर वर्षी या वाटेवर त्याची पावलं कशी टेचात पडायची. आज त्याला वाटत होतं, ही वाट संपूच नये. ती संपलीच. सावरीखाली ढोल थांबले आणि सगळे गोल करून उभे राहिले. आता मानकऱ्याने गाऱ्हाणं घालायचं, मंडळींनी प्रत्येक वाक्याला होकार भरायचा आणि मग घाव.

धोंडूने हात जोडले. "बा देवा म्हाराजा! ह्या सावरीक मी नारळ ठेवलंय, झाड तुझा म्हणान सांगितलंय..."

"व्हय म्हाराजा!" सगळे एका सुरात ओरडले.

"पण झाड निवडताना मी वर बघूक नाय. ती चूक माझी."

होकार आला नाही. लोक एकमेकांकडे बघू लागले. कोणीतरी फिसकन हसलं. नेमका तेव्हाच नर धनेश चोच भरून आला, एवढी गर्दी बघून पलीकडच्या फांदीवर बसला आणि घारीसारखा चिरक्या आवाजात ओरडू लागला. धोंडूने फटीकडे बोट केलं. आत कोण आहे, बाहेरचा कोण आहे, दार कोणी लिंपलंय, सगळं सांगितलं. सांगता सांगता सुगंधाचा 'बाळंतीण' हा शब्द त्याच्याही तोंडी आला, आणि तो एकदम थबकला. मग मान वर करून तो खणखणीत आवाजात पुढे बोलू लागला.

"गेल्या वर्सा लवूच्या घराक सोयर होती. त्याचा एक लाकूड मी होळयेक घेवूक नाय. मगे म्हाराजा, ज्या घरात बाळंतीण बसली आसा, ता आख्खा घरच मी होळयेत कसा घालू? ह्या सावरीक सोयर आसा. ठेवलेलो नारळ तिच्या ओटयेत गेलो असा समज, नि आमका मोकळा कर!"

याही वेळी होकार आला नाही. गाऱ्हाण्याचा रिवाज असा, की मंडळींचा होकार आल्याशिवाय ते देवापर्यंत पोचत नाही. सगळ्यांच्या नजरा आता लवूकडे वळल्या होत्या, आणि लवूलाही ते कळत होतं. एका वाक्यात मान त्याच्या घरी जाणार होता.

लवू पुढे आला. "अंडी फुटली काय?" त्याने विचारलं.

"नाय असतली अजून."

"मगे सोयर खंयची? सोयर जल्माची. जल्मच झालेलो नाय, तर सोयर कशी लागात?"

मंडळींत कुजबुज सुरू झाली. खरं होतं लवूचं. रिवाजाचा एवढा जाणता धोंडू, त्यालाही ते पटलं. त्याने खांद्यावरची कुऱ्हाड खाली टेकवली. संपलं, त्याला वाटलं. मानही गेला आणि सावरही गेली.

इतका वेळ फांदीवर ओरडणाऱ्या नराचा मात्र धीर सुटला. खाली माणसं उभी असतानाच तो भरारी घेऊन बुंध्याला येऊन चिकटला. फटीतून चोच बाहेर आली. त्याने एक फळ दिलं, दुसरं दिलं. एक निसटून खाली पडलं ते नेमकं लवूच्या पायाशी. लवूने वाकून ते उचललं, आणि मान वर करून नराकडे पाहिलं. बायकोच्या बाळंतपणात हॉस्पिटलच्या बंद दाराबाहेर हातात संत्र्यांची पिशवी घेऊन तोही असाच ताटकळला होता; आत जायची सोय नव्हती आणि घरी जाववत नव्हतं.

"मी किती वर्सां थांबलंय, ठावक आसा मा तुमका सगळ्यांक?" लवू वळून म्हणाला. "मगे ह्येंच्या पोरांसाठी एक होळी थांबाक काय धाड भरली आसा आपल्याक?" आणि हात जोडून तो असा ओरडला, की नर भुर्रकन उडाला. "व्हय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळं रान दणाणलं. धोंडूचा जीव भांड्यात पडला. डोळे पुसायला त्याला फेट्याचा शेव पुरला नाही.

झाडाविना परत निघाले, तरी ढोल काही थांबले नाहीत. वाटेत एरंडाची एक फांदी घेतली, आरेच्या तबेल्यांतून गोवऱ्या आणल्या आणि देवळासमोर होळी रचली. इतकी बुटकी होळी वस्तीने कधी पाहिली नव्हती. बायकांनी तर तिला बाहुलीची होळी म्हणून घेतलं. घरोघरची लाकडं आली तेव्हा धोंडूने सगळ्यांना थांबवलं आणि सगळ्यांत आधी लवूच्या हातातलं लाकूड घेऊन मध्यभागी उभं केलं. लवू येऊन त्याच्या शेजारी उभा राहिला. पुढे तीच चाल पडली. मानकऱ्याने होळीआधी रानात जायचं, ढोलीच्या झाडाला नारळ ठेवायचा आणि झाड तिथेच ठेवून यायचं. पहिला घाव एरंडाला.

मान तसा राहिला, पण त्या वर्षी धोंडूला भलतीच चिंता लागली. दुसऱ्या वस्तीतल्या कोणी ती सावर पाडली तर? नराला कोणी गलोलीने टिपलं तर? सकाळी ड्यूटीवर जायच्या आधी तो ओढ्याकाठी जाऊन बसू लागला. उनाड पोरं दिसली की हाकलायचा, सरपणवाल्यांना लांबची वाट दाखवायचा. शेवंती येता-जाता हसायची. पुढे पुढे आतून पिल्लांचा चिवचिवाट ऐकू येऊ लागला. ते सांगायला तो लवूच्या घरी धावत गेला होता. सोयर लागली एकदाची, म्हणून लवूने शेजाऱ्यांना गूळ वाटला.

जूनच्या तोंडावर, आभाळ भरून आलेल्या एका सकाळी, धोंडू असाच मान वर करून बसला होता. लिंपणाचे ढलपे टपाटप खाली पडत होते. आतून कोणीतरी दार फोडत होतं. लवू लेकीला कडेवर घेऊन पायवाटेने येत होता. एवढ्या लांबून त्याला दिसेना, म्हणून त्याने थट्टेने हाक मारली.

"ए वॉचमन! इली काय रे बाळंतीण भायर?"

फट रुंदावली. आधी चोच, मग डोकं, मग चुरगळलेल्या पिसांची, शेपटी झिजलेली आई धडपडत बाहेर आली आणि जवळच्या फांदीवर जाऊन बसली. तिला उजेड सहन होत नसावा, पण तिने पंख पसरले आणि झटकले. आत पिल्लं ओरडत होती. नर तिच्याकडे झेपावला.

"ओ!" धोंडूने हाकेला ओ दिली. आवाज असा मोठा लागला, की ओढ्यापलीकडे पाड्यावरसुद्धा ऐकू गेला. "ओ रे लवू! इली! धावत ये!"